वांगी-मिरचीचं हिरवंगार झाड अचानक मान टाकतं तेव्हा

झाड फुलावर आलेलं असतं, दोन-चार वांगी धरलेली असतात. दुपारी शेंड्याची पानं लोंबतात, संध्याकाळी जरा सावरतात. दुसऱ्या दिवशी जास्त लोंबतात, मग सावरायचं नावच घेत नाहीत. चार-पाच दिवसांत झाड उभ्या उभ्या मरतं, आणि तरी पानं हिरवीच! पिवळेपणा नाही, ठिपके नाहीत, कीड दिसत नाही. "काल सांजेक बरा होता, आज मान टाकल्यान," असं सांगत वाडीतली कोणी ना कोणी काकी दर हंगामात माझ्याकडे येते.

मी रोपं तयार करते, त्यामुळे झाड मेलं की बघायला मलाच बोलावणं येतं. बहुतेक घरी बुंध्यात आधीच जीवामृत, ताक, राख, हळदीचं पाणी असं सगळं ओतून झालेलं असतं. यातली एकेक गोष्ट आपापल्या जागी चांगली आहे. पण झाड मान टाकण्याची सहा-सात वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो. तहानलेल्या झाडाला पाणी हवं, मूळ कुजलेल्या झाडाला तेच पाणी मारतं. म्हणून काही ओतण्याआधी कारण शोधा. तपासण्या मी फुकटच्या आणि सोप्यापासून सुरू करून कष्टाच्या आणि खर्चाच्या तपासण्यांपर्यंत लिहिल्या आहेत. क्रम सोडू नका, कारण वरच्या दोन-तीन तपासण्यांतच निम्म्या घरांचा प्रश्न मिटतो.

आधी लक्षणं

पूर्ण झाड एकदम मलूल झालंय की एखादाच शेंडा? एकच शेंडा किंवा एकच फांदी लोंबत असेल तर बहुधा आत अळी आहे.

खालची पानं आधी पिवळी पडून, कधी झाडाच्या एकाच बाजूची, मग हळूहळू वरपर्यंत मर गेली असेल तर बुरशीजन्य मर रोगाचा संशय घ्या. याला आठवडे लागतात.

झाड खुजं, फिकट, रोज दुपारी लोंबतं आणि रोज सकाळी उठतं, मरत नाही आणि वाढतही नाही, असं असेल तर मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, असू शकतात.

पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी आणि मातीवर पांढरट खपली असेल तर पाण्याकडे बघा.

बुंध्याला मातीलगत पांढरे कापसासारखे तंतू असतील तर ती बुंधा कुजवणारी बुरशी.

आणि वर सांगितलं तसं, सगळं झाड हिरव्या पानांनिशी काही दिवसांत गेलं, मग शेजारचं, मग पाण्याच्या उताराला असलेलं त्याच्या पुढचं, तर तो जिवाणूजन्य मर रोग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कोकणात परसबागेतली वांगी, टोमॅटो, मिरची सगळ्यात जास्त हाच रोग मारतो. उबदार हवा, दमट वातावरण, ओली आणि आंबट माती, असं त्याला हवं ते सगळं इथे आहे.

पहाटे बघा, मातीत बोट घाला

पहिली तपासणी दुपारी करायची नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचं ऊन असं लागतं की मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडून जातं, म्हणून निरोगी झाडसुद्धा दुपारी पानं खाली सोडतं. सूर्य उगवायच्या सुमारास बघा. लागोपाठ तीन-चार दिवस झाड पहाटे ताठ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. एकाच पहाटेवर मात्र विसंबू नका, कारण मर रोगातही पहिले एक-दोन दिवस झाड रात्री सावरतं.

मग बुंध्यापासून वीतभर अंतरावर बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, थोडं थोडं दोनदा न देता सकाळी एकदाच पोटभर. वरवर शिंपलेलं पाणी जांभ्याच्या तांबड्या मातीत वरचा थर भिजवून संपतं आणि मुळं खाली जायच्याऐवजी वरच राहतात. बुंध्याभोवती पातेऱ्याचा, म्हणजे गळून वाळलेल्या पानांचा, चार बोटं जाड थर द्या, पण खोडाला टेकवू नका. काजू-आंब्याचा पातेरा चालतो.

बोटाला चिखल लागला आणि झाड मलूल असेल, तर पाणी लगेच बंद.

पाण्याची चव घ्या

फेब्रुवारीनंतर किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागतं. उपसा वाढतो, गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खालचं खारं पाणी वर येतं. माणसाला ते कळेपर्यंत झाडाला कळलेलं असतं. मातीत मीठ वाढलं की ओलावा असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणजे ओल्या मातीत झाड तहानेनं मरतं.

पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर चव बघा. नसेल तर परसात बघा: वाल, फरसबी आधी कोमेजतात आणि कडा करपतात, वांगी त्यांच्यापेक्षा जास्त तग धरतात, माडाला काही वाटत नाही. असा क्रम दिसला तर पाणी खारं आहे असं धरून चाला. उपाय असा की रोजचं थोडंथोडं शिंपण सोडून दोन-तीन दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे साठलेलं मीठ मुळांखाली धुऊन जातं. पातेऱ्याचा थर वाढवायचा आणि पानांवर पाणी मारायचं नाही. चैत्र-वैशाखात अशा विहिरीवर पालेभाज्यांचा आणि शेंगभाज्यांचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर उपाय म्हणून विहीर खोल करायला जाऊ नका. किनाऱ्याजवळ जितकं खाली जाल तितकं खारं पाणी जवळ येतं. इथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारल्याशिवाय एक फूटही खोदाई नको.

निचरा

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. त्यात वाफा पागोळीखाली असेल, किंवा हातभर मातीखाली कातळ असेल, तर पाण्याला जायला वाट नसते. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडतात, सोलली तर साल निसटून हातात येते, कुबट वास येतो.

वाफ्याजवळ फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर त्या जागी सपाट वाफ्यात वांगी-मिरची लावू नका. चिरे लावून फूटभर उंच गादीवाफा करा, पाण्याला चर काढून द्या. हा चर एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाणार नाही हे आत्ताच बघा. पुढे जे सांगणार आहे त्यात हा चर फार महत्त्वाचा आहे.

शेंडा आणि बुंधा

एकच शेंडा लोंबत असेल तर लोंबण्याच्या खाली नखानं चाचपत जा. बारीक भोक आणि तोंडाशी भुसा दिसेल. ही वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. भोकाच्या इंचभर खालून शेंडा कापा, चिरून अळी मारा. कापलेला शेंडा तसाच वाफ्यात टाकला तर अळी बाहेर येऊन पुन्हा फळात शिरते. रोज सकाळी फेरी मारताना असे शेंडे काढत राहिलात तर घरच्या पाच-दहा झाडांना फवारणीची गरज पडत नाही. जास्त झाडं असतील तर नर पतंगांना वासानं ओढणारा कामगंध सापळा लावा.

सगळं झाड मलूल असेल तर बुंध्याभोवतीची माती हातानं दोन इंच बाजूला करा. इथे बरंच काही सापडतं. पांढरे तंतू आणि त्यांत मोहरीएवढे तांबूस-तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून झाड हलवून उपटू नका. फावड्यानं मातीच्या ढेकळासकट उचला आणि पोत्यात भरा. खोडावर मातीचे बोगदे असतील तर वाळवी. ती बहुतेक वेळा आधीच मेलेल्या किंवा मरणाऱ्या लाकडावर येते, म्हणून खरं कारण आणखी शोधा. मुळं कुरतडलेली असतील तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी हुमणी शोधा आणि वेचून काढा. शेणखड्ड्यात सापडणारी अंगठ्याएवढी जाड अळी बहुधा माडावरच्या गेंड्या भुंग्याची असते. ती वांग्याची मुळं खात नाही, पण माडासाठी तिलाही काढून टाका. कच्चं शेण वाफ्यात घालायची सवय असेल तर ती सोडा. हुमणीचे भुंगे अंडी घालायला तिथेच येतात आणि कुजताना निघणारी उष्णता कोवळी मुळं भाजते.

बुंध्याच्या बुरशीसाठी लागवडीआधी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरा. ९ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड यांत १०० ते २०० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळायचा, हाताला ओल लागेल इतकंच पाणी शिंपडायचं, सावलीत ढीग करून गोणपाट टाकायचं आणि आठवड्याभरानं उलथायचं. पंधरा दिवसांत हिरवट बुरशी पसरलेली दिसते. हे खत खड्ड्यात ओंजळभर पुरतं. झाड कुजून पडल्यावर ट्रायकोडर्मा ओतून ते उठत नाही, हेही सांगून ठेवते.

एक झाड उपटा

इथपर्यंत कारण सापडलं नसेल तर एक आजारी झाड बळी द्यावं लागतं. मन होत नाही, कळतं. पण बाकीच्या झाडांसाठी ते करा. उपटताना मुळं तुटू नयेत म्हणून आधी पाणी घाला, मग मुळं बादलीत हलक्या हातानं धुवा.

मुळांवर गाठी आहेत का बघा. सूत्रकृमींच्या गाठी मुळाच्या अंगातच सुजलेल्या असतात, मूळ मोडल्याशिवाय वेगळ्या होत नाहीत. वाल-चवळीच्या मुळांवरच्या उपकारक गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज निघतात आणि फोडल्या तर आत गुलाबी असतात. त्या बघून घाबरून वाल उपटलेली घरं मी पाहिली आहेत.

सूत्रकृमी निघाले तर पुढच्या लागवडीआधी चौरस मीटरला पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळा आणि त्या वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू लावा. दोन-चार शोभेचे झेंडू कडेला लावून उपयोग नाही, वाफा भरून हवा. त्याच्या मुळांतून जे सुटतं त्यानं सूत्रकृमी कमी होतात. हे टाळू नका, कारण सूत्रकृमींनी पाडलेल्या जखमांतूनच पुढे मर रोगाचे जिवाणू आत शिरतात.

ग्लासातल्या पाण्याची परीक्षा

मुळं गाठींशिवाय आणि बऱ्यापैकी पांढरी असतील आणि झाड हिरवं असतानाच गेलं असेल, तर ही परीक्षा करा. खर्च काही नाही, वेळ पंधरा मिनिटं.

झाड नुकतंच मान टाकलेलं हवं. वाळून काटकी झालेल्या झाडावर परीक्षा फसते. बुंध्याच्या वरचा चार बोटं लांबीचा तुकडा धारदार सुरीनं कापा. उरलेल्या खोडाला उभा छेद द्या. साल आणि गाभा यांच्या मधली रेघ तपकिरी पडलेली दिसेल. पण ही तपकिरी रेघ बुरशीच्या मर रोगातही दिसते, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका.

काचेच्या स्वच्छ ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि ते स्थिर होऊ द्या. खोडाच्या तुकड्याला वर काडी टोचून किंवा दोरा बांधून तो असा टांगा की खालचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल. ग्लास उजेडासमोर ठेवा, मागे काळा कागद किंवा गडद कापड असेल तर छान. हलवू नका. जिवाणू असतील तर पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून पांढुरके, दुधाळ धागे निघतात आणि अगरबत्तीचा धूर उलटा खाली उतरावा तसे सरळ तळाशी जातात. थोड्या वेळानं सगळं पाणी गढूळ होतं. निरोगी खोडातून किंवा बुरशीच्या मर रोगात असे धागे सुटत नाहीत. मनाची खात्री हवी तर शेजारी दुसऱ्या ग्लासात ठणठणीत झाडाच्या फांदीचा तुकडा टांगा आणि दोन्ही ग्लास एकत्र बघा. ज्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं त्यांना पुढे काय करायचं ते पटवून द्यावं लागत नाही.

ते धागे म्हणजे राल्स्टोनिया सोलानॅसिएरम या जिवाणूंचे थवे आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. हा जिवाणू मुळातून शिरतो आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवतो. पानं हिरवी राहतात कारण त्यांना दुसरं काही झालेलंच नसतं, फक्त पाणी पोचत नाही. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली या रोगाचं वर्णन केलं. एवढा जुना ओळखीचा रोग, पण लागलेलं झाड बरं करणारं औषध आजही नाही, सेंद्रिय नाही आणि रासायनिकही नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सुपारीच्या कोळेरोगावर चांगलं, पण ते सालीच्या बाहेर राहतं आणि हा रोग आत असतो. दुकानात कोणी प्रतिजैविकाची पुडी हातात ठेवली तर परत करा.

दुधाळ धागे दिसले तर त्याच दिवशी

त्या वाफ्याचं पाणी बंद करा. हा रोग बियाण्यापेक्षा पाण्यातून, मातीतून आणि लागण झालेल्या रोपांतून जास्त पसरतो. चर रोगट वाफ्यातून पुढे जात असेल तर मातीचा बांध घालून अडवा.

मेलेली आणि मान टाकलेली झाडं मुळाभोवतीच्या मातीसकट जागेवरच पोत्यात भरा. परसातून ओढत नेऊ नका, खतखड्ड्यात टाकू नका. घरचा खतखड्डा जिवाणू मरण्याइतका सगळीकडून तापत नाही. उन्हात वाळवून जाळा, किंवा विहिरीपासून आणि उतारापासून दूर खोल पुरा. ग्लासातलं पाणीही वाफ्यात ओतायचं नाही. ते उकळून मगच टाका.

कोयता, फावडं, सुरी आधी माती जाईपर्यंत धुवा, मग ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा, नाहीतर लोखंड गंजतं. चपलाही धुवा. यापुढे रोज आधी निरोगी वाफ्यात काम करायचं, रोगट वाफ्यात शेवटी.

या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांतलं काही लावायचं नाही. आलं आणि भुईमूगही नाही. दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर हा जिवाणू जगतो आणि पीक नसलं तरी मातीत आणि तणांच्या मुळांवर वर्षानुवर्षं तग धरतो. किमान तीन वर्षं धरून चाला. मोकळा ठेवायची मात्र गरज नाही: भेंडी, मका, लाल माठ, मुळा, कांदा, काकडी, पडवळ, दोडकी, चवळी लावा. तणं मात्र वेळच्या वेळी काढा.

भातखाचर असेल तर आपल्याकडची वायंगणी भाजीची, म्हणजे भातानंतर त्याच खाचरात भाजी घ्यायची, रीत इथे कामाची आहे. पावसाळाभर पाण्याखाली भात घेतलेल्या जमिनीत हा रोग कमी होतो. परसातला वाफा गेला म्हणून वांगी सोडून देण्यापेक्षा भात कापल्यावर खाचरात लावून बघा.

मातीचा सामू

इथून पुढे थोडा खर्च आणि बरीच वाट बघणं आहे. जांभ्याची माती आंबट असते, कारण एवढा पाऊस तिच्यातलं कॅल्शियम धुऊन नेतो. अशा मातीत मुळं कमकुवत राहतात आणि मर रोगाला फावतं.

वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल तिरका खड्डा घ्या, कडेची माती वरपासून तळापर्यंत खरवडा, सगळी एकत्र करा, अर्धा किलो सावलीत वाळवा आणि माती तपासणी प्रयोगशाळेत द्या. नुकतं खत किंवा राख घातलेल्या जागेची माती घेऊ नका. अहवालात सामू, म्हणजे मातीचा आंबटपणा दाखवणारा आकडा (पीएच), ६ च्या खाली आला तर चुना घालायचा. किती, ते अहवालावरून ठरवा. घरच्या वाफ्याला साधारण चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅम पुरतो. शिंपल्यांचा चुना मिळत असेल तर तो घ्या. लागवडीच्या किमान दोन आठवडे आधी मातीत नीट मिसळा आणि शेणखत त्याच दिवशी घालू नका, दोन्ही एकत्र आले की खतातलं नत्र हवेत उडून जातं. चुलीची राख थोडं हेच काम करते, पण दर आठवड्याला बुंध्यात टोपलीभर राख ओतणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. चुन्यानं रोग जात नाही, कमी होतो.

उन्हानं माती तापवणं हाही उपाय आहे. मार्चअखेर वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हलवायचं नाही. वळवाच्या सरींआधी पूर्ण व्हायला हवं. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. माडाच्या सावलीतल्या वाफ्यात हे करून उपयोग नाही. सूत्रकृमी, बुरशी आणि तण यांच्यावर चांगला गुण येतो, जिवाणू मात्र खोल थरात उरतात.

सहनशील वाण आणि कलम

मर रोगाला दाद न देणारे वाण आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे वांग्यातले अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ आणि टोमॅटोतले अर्का रक्षक, अर्का सम्राट हे या रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. मिरचीत केरळ कृषी विद्यापीठाची उज्ज्वला. टोमॅटोचे हे दोन्ही वाण संकरित आहेत, त्यांचं बी धरून ठेवू नका. प्रतिकारक म्हणजे अभेद्य नव्हे. वाफा पाण्यात बुडाला तर हेही मरतात.

पण मला स्वतःला आपलं गावठी वांगं सोडवत नाही, आणि ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी कलम आहे. पांढऱ्या फुलांचं, काटेरी, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस येणारं उंच रानवांगं, म्हणजे सोलॅनम टॉर्वम, या रोगाला चांगला प्रतिकार करतं. त्याच्या रोपावर गावठी वांग्याचा शेंडा पाचर कलमानं बसवायचा. काजूची आणि आंब्याची कलमं बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको, फक्त खोड आगपेटीच्या काडीपेक्षा थोडंच जाड असतं, म्हणून पट्टीऐवजी छोटा चिमटा वापरायचा. रानवांग्याचं बी उशिरा उगवतं आणि रोप सावकाश वाढतं, ते तीन-चार आठवडे आधी पेरा. कलम केल्यावर आठवडाभर सावलीत, दमट प्लास्टिकखाली ठेवा. लावताना कलमाचा सांधा मातीच्या चांगला वर राहिला पाहिजे आणि पुढे भर घालतानाही तो गाडला जाता कामा नये. सांध्यावरच्या गावठी खोडाला मातीत मुळं फुटली तर रोग त्या वाटेनं आत येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

हेही शक्य नसेल तर कुंड्या किंवा वाढपिशव्या चिऱ्यांवर उंच ठेवून लावा. माती त्याच परसातली घेऊ नका. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा वापरणार असाल तर दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून धुवा, त्यात मीठ असतं.

कुठे थांबायचं

ग्लासात धागे स्पष्ट दिसत नाहीत आणि झाडं मात्र मरतायत, एकाहून जास्त वाफ्यांत मर पसरली आहे, तुमच्या वाफ्यातलं पाणी शेजाऱ्याच्या मळ्यात उतरतं, किंवा तुम्ही रोपं वा भाजी विकता, यांतलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बंद करा आणि वनस्पती रोगतज्ज्ञाला दाखवा. रोपं विकत असाल तर निदान होईपर्यंत एकही रोप बाहेर जाऊ देऊ नका. आल्याचा वाफा हिरवा असताना लोळला, तरीही थेट तज्ज्ञाकडेच जा. त्यात कंदकूज आणि जिवाणूजन्य मर यांचा घोळ होतो आणि बेणं पुढच्या वर्षी रोग घेऊन जातं. माड, सुपारी किंवा केळ मलूल होत असेल तर या लेखातली एकही गोष्ट लावू नका. त्यांचे रोग वेगळे आहेत आणि माडावर चढून बघणं हे सवयीच्या माणसाचंच काम.

सिंधुदुर्गात किर्लोस, रत्नागिरीत लांजा, रायगडात रोहा आणि पालघरमध्ये कोसबाड इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि दापोलीला १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहेच. जाण्याआधी फोन करून तज्ज्ञ कधी भेटतील ते विचारा. नुकतं मान टाकलेलं अख्खं झाड मुळं आणि मातीसकट प्लास्टिक पिशवीत बांधून सकाळी न्या, आदल्या आठवड्यात वाळलेलं नको. सोबत वेगळ्या पिशवीत निरोगी झाडाजवळची माती, वाफ्याचे फोटो आणि एका कागदावर एवढं लिहून न्या: रोपं कुठून आणली, कधी लावली, मागच्या दोन हंगामांत तिथे काय होतं, कोणतं झाड आधी गेलं, पाणी कुठल्या दिशेनं वाहतं आणि आतापर्यंत बुंध्यात काय काय ओतलं.